आम्रपालीवाचून चालणारी वेबसाइट

आम्रपाली हाटे माझ्याकडे कामाला लागली त्या दिवशीच मी तिला बजावलं होतं, "हे बघ, गिऱ्हाइकाला सगळं शिकवून मोकळं व्हायचं नाही. थोडं आपल्या हातात ठेवायचं. तो परत आपला जिना चढला पाहिजे." तिने मान डोलावली. तिने मान डोलावली म्हणजे तिला पटलं असं नसतं, हे कळायला मला बराच काळ लागला.

महाडच्या बाजारपेठेत माझं डीटीपीचं दुकान आहे. पुरात तळमजल्यावरची मशिनं गेली तेव्हापासून ते वरच्या मजल्यावर. लोक लग्नपत्रिका फोनवरच धाडायला लागले, नुसत्या पावतीपुस्तकांवर भागेना, म्हणून मी वेबसाइटच्या कामात उडी घेतली. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. कळणारी म्हणून आम्रपालीला ठेवली. पोलादपूरच्या अलीकडे, महामार्ग सोडून आत डोंगराच्या पोटाशी तिची बौद्धवाडी आहे. तिथून ती रोज एसटीने यायची. बोलणं कमी, आवाज खालचा. पण एकदा 'नाही' म्हणाली की मग तहसीलदार आला तरी नाहीच.

तिचा हा स्वभाव मला पुरता दिसला तो घाटसोबती मंडळाच्या कामात.

हे मंडळ पोलादपूरचं. जीपवाले, दुकानदार, दोनचार शिक्षक. पावसाळ्यात आंबेनळी घाटात दरड आली की हे लोक दोर आणि कोयते घेऊन धावतात. अडकलेल्यांना काढतात, आडवं झाड तोडतात. त्यांची एक वेबसाइट आहे आणि तिच्या डोक्यावर एक पट्टी, घाट चालू आहे की बंद एवढंच सांगणारी. महाबळेश्वरकडे निघालेला माणूस घर सोडण्याआधी ती पट्टी बघतो. मंडळाचे अध्यक्ष सुहास उतेकर. हायवेला त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, आणि 'आधी अध्यक्षांना सांगा' हा मंडळाचा न लिहिलेला कायदा आहे.

साइट केली होती सुहासभाऊंच्या पुतण्याने, धवलने. तो मुंबईत असतो. पोरगं हुशार, पण घाईचं. त्याने काय केलं ते समजायला एवढं कळलं की पुरे. वेबसाइट कोणी पहिल्यापासून विणत बसत नाही. तयार थीम मिळते, रंग, अक्षरं, मांडणी सगळं तिच्यात. थीम बनवणारे अधूनमधून तिच्यातली भोकं बुजवतात आणि दुरुस्त केलेली थीम पाठवतात, त्याला अपडेट म्हणायचं. अपडेट आलं की जुन्या फायली जातात, नव्या येतात, आणि जुन्या फायलींत तुम्ही स्वतःचं काही लिहून ठेवलं असेल तर तेही जातं. भाड्याच्या खोलीत भिंत फोडून फडताळ केलं आणि मालकाने एक दिवस भिंतच नवी बांधली, तशी गत.

धवलने नेमकं भिंतीत फडताळ केलं होतं. 'घाट चालू आहे' हे वाक्य त्याने थेट थीमच्या फायलीत लिहिलेलं. ते बदलायचं तर नीलाने सुहासभाऊंना फोन करायचा, सुहासभाऊंनी मुंबईला धवलला, आणि धवलने वेळ काढून ती फाइल उघडायची. ही नीला म्हणजे घाटाच्या पायथ्याला चहाची टपरी चालवणारी बाई. वरून गाड्या परत फिरल्या की पहिल्यांदा तिलाच दिसतं. गेल्या पावसाळ्यात घाट बंद झाला तेव्हा धवल ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता. पट्टीवर अर्धा दिवस 'घाट चालू आहे'. वाईला मयताला निघालेलं एक कुटुंब तेवढ्यावर विसंबून वर गेलं आणि दोन दरडींच्या मध्ये अडकलं. बरोबर साखरेचा आजार असलेली म्हातारी, गोळ्या घरी. जिवावरचं निभावलं, पण मंडळाची अब्रू गेली. म्हणून सुहासभाऊ माझा जिना चढले.

"जास्त काही नाही," ते म्हणाले. "पट्टी तेवढी नीट करून द्या. बाकी धवलने केलंय ते झकास आहे. ते स्क्रीनवर पावसाचे थेंब पडतात ना, ते राहू देत."

मी हो म्हणून टाकलं. आम्रपाली तोवर साइटच्या आत शिरली होती. सुहासभाऊ गेल्यावर ती म्हणाली, "ताई, धवलने अपडेट बंदच करून ठेवलंय. अपडेट झालं तर त्याचं सगळं पुसलं जाईल म्हणून. केव्हापासूनची भोकं तशीच आहेत. दार उघडं टाकून गावाला गेल्यासारखं आहे हे."

"मग तू पट्टीपुरती ती ओळ बदल," मी म्हटलं. "पुढचं पुढे. दर वेळी ते आपल्याकडे येतील, बरंच आहे."

"मी त्या फायलीला हात लावणार नाही."

"का?"

"आज धवलचं पाप आहे. उद्या ते माझं होईल."

मला राग आला. दुकान माझं, गिऱ्हाईक माझं, आणि ही कालची पोर मला पापपुण्य सांगणार! मी तिला चांगलं फैलावर घेतलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग आपल्या बापाबद्दल बोलायला लागली. आधी मला वाटलं, विषय बदलतेय.

तिचे वडील महादू. गावाची नळयोजना वाडीपर्यंत पोचायची तेव्हा पोचेल, म्हणून वाडीने आपणच डोंगरातल्या झऱ्यावरून पाइप खाली आणला होता. तो महादूंनी टाकला आणि तेव्हापासून तेच सांभाळतात. पाइप फुटला की सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची, वर तार आवळायची. दगड मध्ये आला तर वळसा घालायचा. एक व्हॉल्व्ह गंजला म्हणून त्याच्या वरच्या अंगाला दुसरा बसवला, तो गुरांचे पाय लागू नयेत म्हणून दगडाखाली झाकला. सगळं जिथल्या तिथे, त्या त्या दिवसापुरतं. आता त्या डोंगरात कुठे काय आहे हे एकट्या महादूंना ठाऊक. पावसात झऱ्याच्या तोंडाशी पाला अडकतो, तेव्हा तर रोज वर जावं लागतं.

"वाडी म्हणते, महादूवाचून पान हलत नाही," आम्रपाली म्हणाली. "बाबांना ते ऐकून बरं वाटतं. पण त्यांना हर्निया आहे, ताई. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. बाबा म्हणतात, पाणी कोण सोडणार? माझ्या आत्याच्या घरच्या लग्नाला गेले नाहीत ते. कुठेच गेले नाहीत. मी त्यांना ऑपरेशनला आणणारच आहे, उचलून आणावं लागलं तरी. त्या दिवशी मला त्यांच्याजवळ बसायचंय. आणि त्या दिवशी घाटाच्या पट्टीसाठी मला फोन आलेला मला चालणार नाही."

"अगं, फोन आला तर काय बिघडतं?"

"वाडीला बाबा आहेत, आता मंडळाला मी. मला नाही व्हायचं तसं."

कर तुला हवं ते, म्हटलं. पण मनातून धुसफुसतच होते.

तिने कामाला सुरुवात केली ती साइटची एक नक्कल करून. जे काही करायचं ते आधी नकलेवर. मूळ थीम तिने होती तशी कोरी करून टाकली आणि तिला जोडून चाइल्ड थीम केली. म्हणजे आपले रंग, आपली मांडणी वेगळ्या जागी, मूळ थीमच्या अंगाला न चिकटलेली. अपडेट मूळ थीमला होतं, आपलं आपल्या जागी राहतं. पट्टी मात्र तिने त्यातही ठेवली नाही. पट्टीसाठी एक छोटं वेगळं प्लगिन लिहिलं, म्हणजे साइटला बाहेरून जोडायचा स्वतंत्र तुकडा. मी विचारलं, हे कशाला आणखी? तर म्हणाली, "उद्या मंडळाला ही थीमच नकोशी झाली, दुसरी घेतली, तरी पट्टी जाता कामा नये. कपडे बदलले म्हणून माणसाचा आवाज जातो का?" आणि जिथे जिथे बदल केला तिथे शेजारी साध्या मराठीत, हा का केला ते लिहून ठेवलं. तिच्यानंतर येणाऱ्या माणसासाठी. तो कोण येणार होता देव जाणे, पण ती त्याच्याशी असं बोलत होती की जणू दारात उभा आहे.

मग पोलादपूरला सुहासभाऊंच्या दुकानात बैठक झाली. खिळ्यांच्या पोत्यांवर आणि रंगाच्या डब्यांवर मंडळाची माणसं बसलेली. मीही गेले, माझं माणूस तिथे काय बोलतं ते बघायला. सुहासभाऊंनी मागण्या काढल्या. प्रत्येक पानावर पदाधिकाऱ्यांचे फोटो हवेत, मानाप्रमाणे, अध्यक्ष मधोमध. पट्टीखाली 'अध्यक्षांच्या आदेशावरून' असं हवं. पावसाचे थेंब तर हवेतच.

आम्रपाली दर मागणीला दोनच गोष्टी विचारी. "हे कधी बदलणार? आणि बदलणार कोण?"

"पदाधिकारी दोन वर्षांनी बदलतात," राजेंद्र म्हणाला. तो जीप चालवतो, मंडळात सगळ्यात आधी दोर घेऊन उतरणारा.

"मग फोटो एकाच पानावर ठेवू, तुम्हाला स्वतःला बदलता येतील असे. अध्यक्ष मधोमध. आदेशाची ओळ नको, कारण पट्टी आदेशाची वाट बघणार नाही. थेंब नकोत. घाटात रेंज कमी असते, थेंब पडेपर्यंत पट्टी दिसत नाही."

"थेंब धवलने हौसेने केलेत!"

"हो, छान केलेत. नकोत."

सुहासभाऊंचा चेहरा बघण्यासारखा झाला. खरी ठिणगी पडली ती पुढे. पट्टी बदलायचा अधिकार कोणाकोणाला, हे आम्रपालीने सांगितलं तेव्हा. नीला, राजेंद्र आणि सुहासभाऊ. तिघांच्या फोनवर एकच साधं पान, त्यावर 'चालू', 'जपून' आणि 'बंद'. कोणी कोणाला विचारायचं नाही.

"म्हणजे टपरीवरनं साइट चालणार?" सुहासभाऊ उसळले. "आधी अध्यक्षांना सांगायचं, ही आपली पद्धत आहे."

नीला कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "भाऊ, तुमाला सांगतेच ना मी. पन तुमी जेवायला बसलेले असता, मंग तुमचा फोन भायेर, तुमी आत. तवर गाड्या वर जातात ना."

सगळे हसले. सुहासभाऊ हसले नाहीत. आम्रपालीने आपला आवाज जराही न चढवता त्यांच्या हातात त्यांचाच फोन दिला. "तुम्ही दाबून बघा. ही नक्कल आहे, काही बिघडणार नाही."

त्या माणसाने आजवर फोनवर दुसऱ्याला कामं सांगण्यापलीकडे काही केलं नव्हतं. त्यांनी आधी हात पँटीला पुसला आणि एका बोटाने 'बंद' दाबलं. भिंतीला टेकवलेल्या लॅपटॉपवर पट्टी लाल झाली. त्यांनी परत 'चालू' दाबलं. हिरवी झाली. मग परत लाल. राजेंद्र म्हणाला, "आता पुरे भाऊ, घाट थकला."

शेवटी नकलेवरचं सगळं खऱ्या साइटवर चढवून अपडेट सोडायचं होतं. तेवढ्यात धवलचा मुंबईहून फोन. सुहासभाऊंनी स्पीकर लावला. "काका, अपडेट मत मारो! सगळं उडेल, मी सांगतोय." सुहासभाऊंनी आम्रपालीकडे बघितलं. उडालं असतं तर नाव माझ्या दुकानाचं होतं. आम्रपालीने बटण दाबलं आणि हाताची घडी घालून बसली.

साइट उघडली. पट्टी जागेवर, रंग जागेवर.

"काहीच झालं नाही की!" सुहासभाऊ म्हणाले. त्यांची जरा निराशाच झाली असावी.

"हेच हवं होतं," आम्रपाली म्हणाली, आणि सगळे पासवर्ड मंडळाच्या नावावर करून, कसे वापरायचे ते तिघांकडून दोनदा करून घेऊनच उठली. परतताना एसटीत मी तिच्याशी बोलले नाही. सोन्यासारखं कायमचं गिऱ्हाईक तिने माझ्या डोळ्यांदेखत मोकळं सोडलं होतं. ती खिडकीतून बाहेर बघत होती, खूश होती, आणि ते मला जास्तच झोंबलं. धंद्याबद्दलचं माझं मत आजही तेच आहे, हेही सांगून ठेवते.

पाऊस सुरू झाला, तरी महादू काही ऑपरेशनला तयार होईनात. आज झऱ्यावर पाला, उद्या पाइप निसटला. आणि मग आषाढातल्या एका सकाळी झऱ्यावरून उतरताना त्यांची हर्नियाची गाठ अडकली. वेदनेने माणूस दुमडला. राजेंद्रची जीप वाडीत गेली आणि त्यांना महाडच्या एका दवाखान्यात घेऊन आली. आम्रपालीने मला फोन केला तेव्हा तिच्या आवाजात मी पहिल्यांदा भीती ऐकली. मी शटर ओढलं आणि गेले.

महादूंना आत नेलं होतं. आम्ही दोघी बाहेर बाकावर. आम्रपालीच्या मांडीवर बापाची पिशवी, तिच्यात बापाचा साधा फोन. आणि तो फोन वाजायला लागला.

वाडीतला भागोजी होता. "महादूदादा, पानी येत नाय रे! कुठला वॉल?"

"काका, बाबांचं ऑपरेशन चालू आहे."

"आं? बरं, बरं." फोन बंद. जरा वेळाने परत. आता दुसरं कोणी, वाडीतली एक बाई. मग परत भागोजी. ओढ्याचं पाणी गढूळ झालेलं, प्यायला घोटभर नाही, आणि माणसं डोंगरात पाइप चाचपत फिरतायत. आम्रपाली दर वेळी फोन उचलायची आणि तेच सांगायची, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. महादूंनी पोटच्या पोरीलाही कधी दाखवलं नव्हतं.

तेवढ्यात बाकावर शेजारी बसलेला माणूस कोणाला तरी फोनवर सांगत होता, आंबेनळीत सकाळीच मोठी दरड आली. मी आम्रपालीला काही न सांगता उठले, जिन्यापाशी जाऊन साइट उघडली. पट्टी लाल. 'घाट बंद आहे.' मी नीलाला फोन लावला. "मी नाय केलं ताई," ती म्हणाली. "सकाळधरनं रेंज नव्हती, आत्ता आली." राजेंद्र तर आमच्याबरोबरच होता, खाली जीपमध्ये. मग मी सुहासभाऊंना विचारलं.

"मी केलं," ते म्हणाले. "एसटीच्या कंडक्टरने सांगितलं, लगेच दाबलं. कोणालाही न विचारता." मग म्हणाले, "आम्रपालीला त्रास देऊ नका. तिचे वडील आत आहेत ना."

मी परत येऊन बाकावर बसले आणि तिला सांगितलं. तिने नुसतं "बरं" म्हटलं. ओढणीने तोंड पुसलं. रडत होती की घाम होता, मी विचारलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. आतडं वाचलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. दुपार कलल्यावर महादूंना खाटेवर आणलं. तोंड सुकलेलं, डोळे अर्धे मिटलेले. आम्रपाली खाटेपाशी उभी राहिली आणि पिशवीतला फोन परत वाजला. एवढ्या गुंगीतही त्या माणसाचा हात पिशवीकडे गेला. टाक्यांनी कळ आली, हात अर्ध्यावर पडला.

"दे गो," महादू म्हणाले. "पान्याचा आसंल."

"देते," आम्रपाली म्हणाली. "पण तुमी जायाचं नाय. सांगायचं."

"सांगून कळतंय व्हय? मी जातो चार दिसांनी."

"चार दिस वाडी काय पिनार? सांगा बाबा. समदं सांगा."

फोन वाजत राहिला. महादूंनी पोरीकडे बघितलं. तिने फोन मागे घेतला नाही, पुढेही केला नाही. शेवटी त्यांनी डोळे मिटून मान हलवली. तिने स्पीकर लावला आणि भागोजीला म्हणाली, "काका, एकटे नका जाऊ. चार जनांना घ्या, बायांना पन घ्या. सगळ्यांनी बघा."

आणि महादू सांगायला लागले, थांबत थांबत. ऐनाच्या झाडापासनं उताराच्या अंगाला. मोठा चापट दगड. एकट्याने नाय हलायचा. त्याच्या खाली वॉल, उलटा फिरतो, जोर करू नका. तिथनं वर दोन ठिकानी ट्यूब बांधली हाय, तिला हात लावू नका. फोनमधून पावसाचा आवाज, माणसांची ओरड, दगड हलवताना कोणाचा तरी "हळू रे". मग बराच वेळ नुसता पाऊस. आणि मग एकदम बायांचा कल्ला, "आलं, आलं गो, पानी आलं!"

भागोजीने फोन कधी ठेवला कळलंही नाही. त्याला आता कोणाशी बोलायची गरज नव्हती.

महादूंनी तोंड भिंतीकडे वळवलं. मला वाटलं, झोपले. पण त्यांचे खांदे हलत होते. इतकी वर्षं वाडी ज्याच्यावाचून अडत होती, त्या माणसाला आज सगळ्यांनी मिळून मोकळं केलं होतं, आणि त्याला ते सोसत नव्हतं. आम्रपालीने त्यांच्या पायावर चादर ओढली आणि पाय धरून उभी राहिली.

बऱ्याच वेळाने ते तसेच भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "हितं आनताना कोनतरी म्हनत होता, घाट पडलाय. तुला नाय आला कुनाचा फोन?"

"नाय आला, बाबा."

महादूंनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. खाटेच्या कडेला थोडी जागा होती, तिथे त्यांनी हाताने थोपटलं.

"मंग बस हितं," ते म्हणाले.